गुबगुबीत देवनागरीचा ‘बालू’

जळगाव, प्रतिनिधी – बोरांसाठी पूर्वापार नावाजलेल्या मेहरूणच्या तलावाकडे पहाटे फिरायला जाणाऱ्या जळगावकरांची रीघ असते. त्याच वाटेवर एका उपाहारगृहाचा फलक काही दिवस आमच्या कुतूहलाचा विषय झाला होता. पिवळ्या फ्लेक्सवर लाल, जाडजूड अक्षरांत ‘मरीत याळी’ अशी काहीतरी अभद्र अक्षरे दिसत. जवळ गेल्यावर उलगडा झाला. मालकाने लिहून दिले होते ‘भरीत थाळी’. मात्र फ्लेक्स तयार करणाऱ्याने संगणकावर अक्षरे जाड केली आणि ‘भ’ व ‘थ’ यांच्या डोक्यावर शिरोरेषेत जी बारीक फट असते, ती बुजून गेली. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या भरीत वांग्याची ही अशी अवहेलना व्हावी, हे कोणाही खानदेशी माणसाला रुचणारे नाही.

चूक क्षुल्लक वाटली, तरी तिच्या मागे एक तांत्रिक प्रश्न दडलेला आहे. देवनागरी अक्षर ठसठशीत कसे करावे, हा तो प्रश्न. दुकानाची पाटी, चित्रपटाचे शीर्षक, बिस्किटाचा पुडा, मुलांच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ अशा ठिकाणी दोन-चार शब्दच असतात आणि ते लांबून डोळ्यात भरावे लागतात. अशा कामासाठी काढलेल्या अक्षरवळणाला शीर्षकाचे वळण म्हणतात. त्यातही ज्याची रेघ सर्वत्र जवळपास सारख्या जाडीची, टोके गोलसर आणि अंग भरलेले असते, अशा वळणाचे देवनागरीतील आजचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘बालू’.

नऊ लिप्यांतील भाऊबंद

‘बालू’ हा फॉन्ट मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने तयार केला. सारंग कुलकर्णी, नूपुर दाते आणि गिरीश दळवी ही या संस्थेमागची प्रमुख नावे. भारतीय लिप्यांसाठी अक्षरसंच घडविणे हेच तिचे कार्य. २०१५-१६ च्या सुमारास ‘गूगल फॉन्ट्स’ या मोफत संग्रहातून ‘बालू’ सर्वांना उपलब्ध झाला. नाव अर्थातच रडयार्ड किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधील अस्वलाचे. १८९४ सालचे हे पुस्तक न वाचलेल्यांनाही १९९३ मधील दूरदर्शनच्या मालिकेमुळे हा बालू ठाऊक आहे. अक्षरे पाहिली की नावाची समर्पकता पटते. अंगाने स्थूल, पण बोजड नव्हे. कोपरे मऊ, कुठेही टोकदार काटा नाही, आणि एकंदर चर्या खेळकर.

‘बालू’ एकाच लिपीपुरता नाही, ही त्याची खरी थोरवी. देवनागरीसह नऊ भारतीय लिप्यांत तो काढला गेला आणि प्रत्येक संचात त्या लिपीच्या जोडीला रोमन अक्षरेही देण्यात आली. नावे ठेवताना कर्त्यांनी गंमत केली आहे. गुजरातीतला ‘बालू भाई’, गुरुमुखीतला ‘बालू पाजी’, बंगालीतला ‘बालू दा’, ओडियातला ‘बालू भैना’, मल्याळममधला ‘बालू चेट्टन’, तेलुगूतला ‘बालू तम्मुडु’, कन्नडमधला ‘बालू तम्मा’ आणि तमिळमधला ‘बालू तंबी’. कोणी थोरला, कोणी धाकटा, पण सारे भाऊच. उर्दूसाठी ‘बालू भाईजान’ही आहे. देवनागरीतला मात्र नुसताच ‘बालू’ राहिला. प्रत्येक नावाला ‘भाऊ’ जोडल्याशिवाय ज्यांचे संभाषण सुरू होत नाही, अशा आम्हा खानदेशींना ही उणीव विशेष जाणवते!

पहिल्या आवृत्तीत एकच, अतिशय ठळक जाडी होती. पुढे ‘बालू २’ या नावाने सुधारित आवृत्ती आली, तीत साध्यापासून अतिठळकापर्यंत पाच जाड्या मिळू लागल्या. एकाच वळणातील ठळक अक्षर शीर्षकाला आणि हलके अक्षर उपशीर्षकाला वापरण्याची सोय त्यामुळे झाली. हा बदल वापरणाऱ्यांच्या दृष्टीने मोठा होता, कारण अतिठळक अक्षरांत पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि ‘आमची कुठेही शाखा नाही’ हे सारे बसविण्याचा मोह आपल्याकडे कोणालाच आवरत नाही.

जाड करणे वेगळे, जाड काढणे वेगळे

रोमन लिपीत ठळक, बिनकाट्याच्या अक्षरांचा इतिहास दोन शतकांचा आहे. इंग्लंडमधील कॅस्लन यांच्या ओतशाळेच्या १८१६ सालच्या नमुन्यात असे पहिले छपाईचे अक्षर आढळते. गोल टोकांच्या वळणांपैकी फोक्सवॅगन या जर्मन मोटार कंपनीसाठी १९७९ मध्ये आलेला ‘व्हॅग राउंडेड’ विशेष गाजला. ॲपलच्या कळफलकांवरही अनेक वर्षे तीच अक्षरे होती. देवनागरीत असे काही रुळायला इतका काळ का लागला, याचे उत्तर लिपीच्या रचनेत आहे.

इंग्रजी ‘ओ’ किंवा ‘एच’ जाड करताना आतली पोकळी लहान होते, इतकेच. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर शिरोरेषेची आडवी पट्टी. तिच्यावर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार यांची दाटी, खाली उकार. मधल्या जागेत अक्षराचे मुख्य अंग, आणि त्यातही ‘क्ष’, ‘ष’, ‘ख’, ‘ऋ’, ‘द्ध’, ‘ङ’ यांसारख्या गुंतागुंतीच्या आकृत्या. शिरोरेषा जाड केली की खालचे अक्षर दबते. अक्षराची रेघ जाड केली की ‘म’ व ‘भ’ यांच्या गाठी भरून जातात, ‘ष’ची तिरकी रेघ पोटात विरघळते, ‘ध’ आणि ‘घ’ यांतील भेद पुसला जातो. शिरोरेषेतील फट हा आपल्याकडे शोभेचा भाग नसून अर्थाचा भाग आहे. ती बुजली की ‘धन’चे ‘घन’ होते. मेहरूणच्या फलकावर झाले ते हेच.

संगणकावर एखाद्या अक्षराभोवती त्याच रंगाची कड चढविली, की ते सर्व बाजूंनी सारखेच फुगते. अक्षरकार मात्र ठळक अक्षर नव्याने काढतो. उभ्या रेघा भरपूर जाड ठेवून आडव्या रेघा किंचित बारीक करतो, दोन रेघा जिथे मिळतात तिथला सांधा कोरून हलका करतो, गाठीच्या जागी पूर्ण गोल न ठेवता केवळ एक चीर सोडतो आणि शिरोरेषेतील फट लांबूनही दिसेल इतकी रुंद करतो. शिवाय अक्षराची रुंदीही वाढवावी लागते. जाड माणसाला जुनाच सदरा चढविला, तर बटणे तुटणारच.

या कौशल्याची परिसीमा पाहायची तर ‘एक टाइप’चाच ‘मोदक’ पाहावा. २०१५ मध्ये आलेल्या या फॉन्टची देवनागरी अक्षरे सारंग कुलकर्णी यांची, तर रोमन अक्षरे मैथिली शिंगरे यांची. देवनागरीतील कदाचित सर्वांत गुबगुबीत वळण असे त्याचे वर्णन केले जाते. आधी हाताने रेखाटून मग संगणकावर नेलेल्या या अक्षरांत आतल्या पोकळ्या जवळजवळ अदृश्य आहेत. अक्षराचे सगळे अवयव एकमेकांत मिसळून एकच उकडीचा गोळा झाल्यासारखे वाटते, तरीही शब्द वाचता येतो. ‘मोदक’ सणासुदीला, ‘बालू’ नित्याच्या जेवणाला, असा भेद करता येईल. ‘मोदक’मध्ये चार अक्षरांपलीकडे गेले की डोळ्यांना अजीर्ण होते, असे आमचे मत आहे.

चपट्या ब्रशापासून फ्लेक्सपर्यंत

गोल, ठळक देवनागरी ही संगणकाने दिलेली देणगी आहे, असे मात्र समजू नये. बोरूचे टोक तिरके कापलेले असल्याने पोथीतील अक्षराला जाड-बारीक वळण येते. तेच वळण छापखान्यांच्या शिशाच्या खिळ्यांत उतरले. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते सौंदर्याच्या शिखरावर नेले. परंतु मोठ्या आकाराचे खिळे शिशात ओतणे खर्चिक आणि जड काम. त्यामुळे नाटकाच्या जाहिराती, पुस्तकांची शीर्षके व दुकानांच्या पाट्या यांसाठी अक्षरे हाताने काढून घेण्याचीच पद्धत राहिली. नाटकांच्या शीर्षकांना स्वतंत्र व्यक्तिमत्त्व देणारे कमल शेडगे (१९३५–२०२०) यांच्यासारखे अक्षरकार याच गरजेतून पुढे आले.

गावोगावी हीच गरज पेंटर भागवीत. जळगाव असो की धुळे, सुताला खडू लावून पाटीवर रेघा मारायच्या, त्यांच्या आधाराने अक्षरांचे सांगाडे काढायचे, चपट्या ब्रशाने ऑइलपेंट भरायचा, गोल ब्रशाने टोके वळवायची, मग एका बाजूने सावली द्यायची आणि कोपऱ्यात सही करायची, हा क्रम ठरलेला. पेंटरला फट बुजविण्याची भीती नव्हती. तो अक्षर काढता काढता वाचत असे. दोन अक्षरांत जागा उरली तर ‘ळ’ पसरवायचा, कमी पडली तर वेलांटी आखडायची, हे निर्णय तो शिडीवर उभ्यानेच घेई. त्या पाट्यांतील शुद्धलेखनाविषयी फार बोलण्यासारखे नसले, तरी त्या वाचता येत.

या शतकाच्या आरंभी फ्लेक्स आला आणि हे चित्र पालटले. स्वस्त आणि तत्काळ मिळणाऱ्या फलकांमुळे ब्रश मागे पडला. पण संगणकावर मराठी अक्षरांची निवड तुटपुंजी होती. विंडोजसोबत येणारा ‘मंगल’ हा मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केलेले ज्येष्ठ अक्षरकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडविला. तो होता मुख्यतः पडद्यावर मजकूर वाचण्यासाठी, आणि आरंभी त्याला स्वतंत्र ठळक रूपही नव्हते. ‘बोल्ड’ची कळ दाबली की संगणक मूळ अक्षरच सरकवून, लिंपून जाड करी. फलक रंगविण्याच्या आज्ञावल्यांच्या जुन्या आवृत्त्यांत तर युनिकोड मराठीची जोडाक्षरे तुटून पडत. परिणामी फ्लेक्सवाले ‘श्रीलिपी’सारख्या युनिकोडपूर्व संचांवर विसंबून राहिले. त्या संचांत काही वळणे उत्तम होती, परंतु हवी तेवढी जाड व गोल अक्षरे नसली, की कड चढवायची, अक्षर उभे ताणायचे किंवा आडवे दाबायचे, हा मार्ग रूढ झाला. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फलकांनी हे सर्व प्रकार आपणा सर्वांच्या परिचयाचे केले आहेत.

‘बालू’ आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या फॉन्टांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर जाणवते. ते युनिकोडमध्ये आहेत आणि मुक्त परवान्याखाली आहेत. छापखान्याने, फ्लेक्सवाल्याने, वृत्तपत्राने किंवा विद्यार्थ्याने ते एक पैसाही न देता उतरवून घ्यावेत, व्यवसायात वापरावेत, जाणकाराने त्यांत बदलही करावेत. केवळ फॉन्टच सुटा विकण्यास मनाई आहे. चोरून आणलेल्या संचावर दुकान चालविण्याची सबब त्यामुळे उरलेली नाही.

गोल टोकांचा एक व्यावहारिक लाभही सांगितला पाहिजे. आजकाल दुकानांवर ॲक्रिलिकची उठावदार अक्षरे बसवितात. ती कापणाऱ्या यंत्राचे पाते गोल फिरणारे असल्याने आतले टोकदार कोपरे त्याला कापता येत नाहीत. गोलसर वळणात हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. अक्षराच्या पोटात एलईडी दिव्यांची माळ बसवायची तर रेघही रुंद लागते. चिकटवायच्या अक्षरांचे टोकदार कोपरे उन्हापावसाने आधी सुटतात. खानदेशच्या उन्हाळ्यात तर ते किती लवकर सुटतात, हे कोणत्याही दुचाकीच्या क्रमांकाच्या पाटीवर पाहून घ्यावे.

‘आकार लहान नसावा’ म्हणजे काय?

ठळक मराठी अक्षरांचा प्रश्न आता केवळ रुचीचा राहिलेला नाही. दुकाने व आस्थापनांविषयीच्या कायद्यात राज्याने २०२२ मध्ये दुरुस्ती केली. त्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही देवनागरीतील मराठी नामफलक बंधनकारक झाला आणि मराठी अक्षरांचा आकार अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावा, अशी अट आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने व्यापाऱ्यांना अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली.

परंतु आकार मोजायचा कसा? संगणकावर मराठी आणि इंग्रजी दोन्हींना एकच अंक दिला, की अट पाळली असे दुकानदारास वाटते. प्रत्यक्षात त्या अंकात देवनागरीच्या वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांचीही जागा धरलेली असते. म्हणून अनेक फॉन्टांत शिरोरेषेपासून तळापर्यंतचे मुख्य अक्षर इंग्रजी मोठ्या अक्षरापेक्षा बुटके भरते. त्यातच इंग्रजी नाव ठसठशीत वळणात आणि मराठी नाव बारीक सरकारी वळणात असेल, तर कागदोपत्री समान असलेली मराठी पाटीवर दुय्यमच दिसते. शहरात फेरफटका मारला तरी अशी उदाहरणे पुष्कळ सापडतात. दोन्ही लिप्या एकत्र काढलेल्या संचात त्यांची जाडी आणि उंची परस्परांशी जुळवून घेतलेली असते. ‘बालू’सारख्या फॉन्टाचा खरा उपयोग इथे आहे. कायद्याला अभिप्रेत असलेली बरोबरी डोळ्यांनाही पटावी, तर मोजपट्टी शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत लावणे योग्य, असे आम्हास वाटते.

दुसरी बाब अस्सल मराठी अक्षररूपांची. देवनागरी ही हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत अशा अनेक भाषांची लिपी असली, तरी ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी रूपे वेगळी आहेत. नोव्हेंबर २०२२ मधील वर्णमालेविषयीच्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांचा आग्रह धरण्यात आला आहे. काही युनिकोड फॉन्टांत दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी निवडल्यावर मराठी रूप दिसते. भाषा हिंदीच राहिली, तर ‘जळगाव लोणचे’ हिंदी ‘ल’ने छापून येते आणि दोष मात्र फॉन्टाला दिला जातो.

‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ यांचीही तीच कथा. भरीत भाजायचे ते कपाशीच्या पऱ्हाट्यांवर, गॅसवर नव्हे, असे इकडचे जाणकार सांगतात. हा शब्द फलकावर लिहायला घेतला की मराठी न जाणणाऱ्या फॉन्टचे पितळ उघडे पडते. ‘ऱ्ह’च्या जागी रफार उडून ‘ह’च्या डोक्यावर बसतो. पुष्कळदा हा दोष टंकलेखकाचा असतो, साध्या ‘र’ऐवजी नुक्त्याचा ‘ऱ’ घेतला की प्रश्न सुटतो. पण जाड वळणात ती चंद्रकोरीसारखी रेघ नीट काढलेली नसेल, तर ती शेजारच्या अक्षरात बुडून जाते.

फलक करून घेणाऱ्याने म्हणूनच छपाईपूर्वी नमुना मागवावा आणि तो संगणकाच्या पडद्यावर मोठा करून नव्हे, तर अगदी लहान करून पाहावा. रस्त्याच्या पलीकडून फलक तेवढाच दिसणार आहे. ‘भरीत’, ‘थाळी’, ‘धणे’, ‘शुद्ध’, ‘विशेष’, ‘पऱ्हाटी’ हे सहा शब्द जो फॉन्ट त्या आकारात नि:संदिग्ध दाखवील, तो निवडण्यास हरकत नाही. मजकूर चार-पाच शब्दांपलीकडे जात असेल, तर उरलेल्यासाठी त्याच घराण्यातील हलकी जाडी घ्यावी किंवा ‘मुक्त’सारखे साधे, सात जाड्यांत मिळणारे वळण वापरावे. गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी घडविलेला हा संचही ‘एक टाइप’चाच व मोफत आहे.

मेहरूणच्या त्या उपाहारगृहाचा फ्लेक्स यंदाच्या उन्हात फिका पडला आहे. मालक नवा करून घेणार आहेत, आणि या खेपेस ‘भ’ स्वतः बघून घेईन, असे त्यांनी सांगितले. भरिताच्या चवीबद्दल मात्र आमची कधीच तक्रार नव्हती.